विषाणूचा लेखनिक: आरएनएची नक्कल करणारे विकर कसे काम करते आणि औषधे त्याला कशी अडवतात

करोनाच्या साथीत ज्यांनी आरटी-पीसीआर चाचणी करून घेतली, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी तो अहवाल अजूनही एखाद्या फाइलमध्ये पडून असेल. त्यावर 'ई जीन', 'एन जीन' यांच्या जोडीला बहुतेकदा 'आरडीआरपी जीन' अशी एक ओळ असे आणि तिच्यापुढे 'डिटेक्टेड' किंवा 'नॉट डिटेक्टेड' एवढेच छापलेले असे. आपण सर्वांनी त्या शेवटच्या शब्दावर नजर टाकली आणि कागद बाजूला ठेवला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शहराशहरांत रेमडेसिवीरच्या कुप्यांसाठी नातेवाइकांनी औषधांच्या दुकानांबाहेर रांगा लावल्या, ११ एप्रिलला केंद्र सरकारने या औषधाची निर्यात थांबवली आणि काळ्या बाजारात माणसांनी दागिने मोडून ते विकत घेतले. अहवालातली ती ओळ आणि ती कुपी या दोहोंचा संबंध एकाच रेणूशी होता, ही गोष्ट मात्र तेव्हा फारशी कोणी समजावून सांगितली नाही. ती समजली असती, तर हे औषध केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा नाही, हेही अनेकांना उमगले असते. म्हणून हा लेख त्या रेणूविषयी आहे.

पेशीत नसलेले यंत्र

शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते आणि त्या कामाला साजेसा त्याचा आकार असतो.

आपल्या पेशीत माहितीचा प्रवास कसा होतो, हे आधी पाहू. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. तो घराण्याच्या मूळ पोथीसारखा जपून ठेवलेला असतो. पोथीतला हवा तेवढा भाग आरएनए नावाच्या तात्पुरत्या चिठ्ठीवर उतरवला जातो, ती चिठ्ठी केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून रायबोसोम नावाची यंत्रणा प्रथिन घडवते. काम झाले की चिठ्ठी मोडून टाकली जाते. म्हणजे डीएनएवरून डीएनए आणि डीएनएवरून आरएनए उतरवून घेणारे लेखनिक आपल्या पेशीत आहेत. परंतु चिठ्ठीवरून दुसरी चिठ्ठी उतरवून घेत साऱ्या पोथीच्या प्रती काढत राहण्याची मानवी पेशीला कधी गरजच पडत नाही, आणि म्हणून त्या कामाचा लेखनिकही तिच्याकडे नाही.

करोना, फ्लू, पोलिओ, डेंग्यू, चिकुनगुनिया, गोवर, रेबीज, निपाह या सर्व रोगांच्या विषाणूंची अडचण नेमकी इथे आहे. त्यांची मूळ पोथीच आरएनएवर लिहिलेली आहे. पेशीत शिरल्यावर रायबोसोम, कच्चा माल आणि ऊर्जा हे सगळे त्यांना आयते मिळते, पण आरएनएवरून आरएनए उतरवणारा लेखनिक मिळत नाही. तो ज्याचा त्याने आणावा लागतो किंवा आल्याबरोबर घडवून घ्यावा लागतो. या लेखनिकाला शास्त्रीय भाषेत 'आरएनए-डिपेंडंट आरएनए पॉलिमरेज' म्हणतात, आणि त्याचेच आद्याक्षरी रूप आपल्या अहवालावरचे 'आरडीआरपी' होय. चाचणीत प्रत्यक्ष विकर शोधले जात नव्हते. ते घडवण्याची सूचना विषाणूच्या आरएनएत जिथे लिहिलेली असते, तो मजकूर शोधला जात होता. निरोगी माणसाच्या पेशीत तो मजकूर असण्याचे काही कारण नसते आणि विषाणूला तो टाकून देता येत नाही, त्यामुळे ओळख पटवण्यासाठी ही खूण चांगली ठरते.

एचआयव्ही या यादीत नाही. त्याचे विकर आरएनएवरून डीएनए उतरवते, म्हणजे उलट्या दिशेने लिहिते. 'आरटी-पीसीआर' मधले 'आरटी' हे अशाच उलट्या लेखनिकाचे नाव आहे. १९७० मध्ये त्याचा शोध लागला आणि आज प्रयोगशाळा त्याचा उपयोग विषाणू पकडण्यासाठी करतात.

धन धागा, ऋण धागा आणि नागपूरचा एक विषाणू

आरएनएच्या लिपीत चारच अक्षरे आहेत: ए, यू, जी आणि सी. ए समोर यू बसतो आणि जी समोर सी. त्यामुळे एका धाग्यावरून उतरवलेली प्रत मूळ धाग्यासारखी नसते, ती त्याच्या साच्यासारखी असते. गणपतीच्या मूर्तीवरून साचा काढावा आणि साच्यातून पुन्हा मूर्ती काढावी, तशी विषाणूची नक्कल दोन टप्प्यांत होते. जो धागा रायबोसोमला थेट वाचता येतो तो धन धागा, आणि त्याचा साचा म्हणजे ऋण धागा.

करोना, पोलिओ आणि डेंग्यू यांच्या कणांत धन धागा असतो. तो पेशीत शिरताच रायबोसोम त्याला पेशीचीच चिठ्ठी समजून वाचू लागतो आणि त्यातून विषाणूची पहिली प्रथिने तयार होतात. लेखनिक त्यांच्यातच असतो. म्हणूनच पोलिओच्या विषाणूचे सारे कवच काढून नुसता आरएनए पेशीत सोडला तरी नवे विषाणू तयार होतात, हे १९५० च्या दशकातच दिसून आले होते.

फ्लू, गोवर आणि रेबीज यांच्या कणांत मात्र ऋण धागा असतो. रायबोसोमला तो वाचता येत नाही, आणि तो वाचता येईल अशा धाग्यात बदलणारे विकर पेशीत नाही. तेव्हा या विषाणूंना लेखनिक कणात बसवूनच आणावा लागतो. आपल्याकडचे याचे उदाहरण चांदीपुरा विषाणूचे. १९६५ मध्ये नागपूर परिसरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी तो रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला आणि नागपूरच्या चांदीपुरा भागावरून त्याला नाव मिळाले. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. त्याची सारी पोथी सुमारे ११,००० अक्षरांची, तीत जेमतेम पाच मुख्य प्रथिनांच्या सूचना, आणि त्या पोथीचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या लेखनिकासाठी खर्ची पडलेला. इतक्या तुटपुंज्या सामानात एका प्रथिनाला एवढी जागा द्यावी लागते, यावरून त्याचे महत्त्व कळते.

उजव्या हाताची मूठ

या विकरांचा आकार कसा असतो, हे शोधायला बराच काळ लागला. त्यांचे अस्तित्व १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कळले, पण पहिली रचना हाती आली ती १९९७ मध्ये, पोलिओच्या विषाणूची. विकराचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण सोडून ती मिळवली गेली होती. १९९९ मध्ये हेपटायटिस-सी च्या विषाणूची रचना मिळाली, आणि करोनाची रचना तर साथ सुरू झाल्यावर काही महिन्यांतच, एप्रिल २०२० मध्ये, प्रसिद्ध झाली. ही शेवटची रचना स्फटिकांवरून काढलेली नाही. अतिथंड गोठवलेल्या रेणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हजारो छायाचित्रे घेऊन ती जुळवली गेली.

या सर्व रचनांत एक साम्य दिसते. विकराचा गाभा अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा असतो. त्याच्या भागांना शास्त्रज्ञ खरोखरच बोटे, तळवा आणि अंगठा अशीच नावे देतात. ही उपमा प्रथम १९८५ मध्ये जिवाणूच्या डीएनए उतरवणाऱ्या विकराला दिली गेली होती. विषाणूच्या आरएनए-लेखनिकाचे वेगळेपण असे, की त्याच्या बोटांची टोके अंगठ्याला जाऊन टेकलेली असतात. हात उघडा राहत नाही, त्याची मूठ वळते, आणि मुठीतून एक बोगदा तयार होतो.

दोरी दोन्ही हातांनी न धरता एका मुठीतून ओढून घ्यावी, तसा मूळ आरएनएचा धागा बोटांच्या बाजूने बोगद्यात शिरतो. नवी अक्षरे मागच्या एका वेगळ्या वाटेने आत येतात. तळव्यावर, मुठीच्या अगदी मध्यात, अक्षर जोडण्याची जागा असते. मूळ धागा आणि त्याला चिकटलेली नवी प्रत असा दुपदरी पीळ समोरून बाहेर पडतो, आणि अंगठा त्याला आधार देतो. धागा निसटू नये हे मूठ पाहते. नक्कल अर्ध्यावर सुटली तर विषाणूचे सारे श्रम वाया जातात, कारण अपुऱ्या पोथीचा त्याला उपयोग नाही.

एक अक्षर जोडले जाताना

तळव्यावर जे घडते तो या विषयाचा गाभा आहे, म्हणून तिथे थोडे थांबू.

आत येणाऱ्या प्रत्येक अक्षराला तीन फॉस्फेटांची शेपटी असते. वाढत्या धाग्याच्या टोकाला एक ऑक्सिजन मोकळा असतो. मूळ धाग्यावरच्या अक्षराशी नव्या अक्षराची जोडी जुळली की तो ऑक्सिजन शेपटीतल्या पहिल्या फॉस्फेटला धरतो, उरलेले दोन तुटून बाहेर जातात, आणि जोडकामाला लागणारी ऊर्जा त्या तुटण्यातूनच मिळते. म्हणजे प्रत्येक अक्षर स्वतःच्या जोडकामाची मजुरी सोबत घेऊन येते.

हे सारे घडण्यासाठी तळव्यावर मॅग्नेशियमचे दोन अणू नेमक्या जागी धरून ठेवावे लागतात. ते धरण्याचे काम अ‍ॅस्पार्टिक आम्ल नावाचे अमिनो आम्ल करते. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी. बहुतेक धन धाग्याच्या विषाणूंत इथे एक ग्लायसीन आणि लागोपाठ दोन अ‍ॅस्पार्टिक आम्ले असा तीन मण्यांचा क्रम असतो. करोनात आणि फ्लूत पहिल्या मण्याच्या जागी सेरीन येते, पुढचे दोन तेच राहतात. पोलिओ, फ्लू आणि करोना यांच्यात एरवी फारच थोडे साम्य आहे, तरी हे दोन मणी सुटलेले नाहीत. मला या विषयातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते: बाकीचे प्रथिन ओळखू न येण्याइतके बदलले, पण जिथे बदल झाला की नक्कलच थांबते, तिथे निसर्गाने एकही बदल टिकू दिला नाही.

योग्य अक्षर आले हे विकराला कसे कळते? आधी असा समज होता की डीएनएच्या लेखनिकांप्रमाणे इथेही बोटे मिटत असतील. पण इथे बोटे अंगठ्याला जोडलेली असल्यामुळे त्यांना तेवढी मोकळीक नसते. २०१० मध्ये पोलिओच्या विकराच्या रचनांचा क्रम लावल्यावर असे दिसले की बोटे जागेवरच राहतात आणि तळव्याचाच एक भाग किंचित सरकून जोडणीची जागा पूर्ण करतो. जोडी नीट जुळली तर तळवा व्यवस्थित सरकतो आणि अक्षर पटकन जोडले जाते. जुळली नाही तर तो अडखळतो आणि त्या वेळात चुकीचे अक्षर बहुधा निघून जाते. अचूकतेची ही सारी भिस्त क्षणभराच्या अडखळण्यावर आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

करोनाचा लेखनिक एकटा बसत नाही

पोलिओचा लेखनिक सुमारे ७,५०० अक्षरांची पोथी उतरवतो. करोनाची पोथी जवळजवळ ३०,००० अक्षरांची आहे, आणि आरएनए विषाणूंत ती फार मोठी समजली जाते. एवढा लांब धागा उतरवताना मूठ सुटू नये म्हणून मुख्य विकरासोबत छोटी साहाय्यक प्रथिने बसतात. त्यांच्यापैकी दोन सारखीच प्रथिने बाहेर पडणाऱ्या पिळाच्या दोन बाजूंना लांब दांड्यांसारखी उभी राहतात आणि त्याला सरळ धरतात; रहाटाच्या दोरीला दोन्ही बाजूंनी खुंट्या असाव्यात, तशी ही मांडणी आहे.

त्याहून महत्त्वाचा साथीदार म्हणजे मुद्रितशोधक. बहुतेक आरएनए विषाणूंच्या लेखनिकाला लिहिलेले परत तपासता येत नाही. करोनाच्या कुळात मात्र चुकीचे शेवटचे अक्षर कातरून काढणारे वेगळे विकर आहे. ३०,००० अक्षरांची पोथी बाळगणे विषाणूला परवडते ते त्याच्यामुळे.

चुका आणि त्यांचे गणित

आरएनए विषाणूंचा लेखनिक सर्वसाधारणपणे दर १०,००० ते १०,००,००० अक्षरांमागे एक चूक करतो. पोलिओचा विचार केला तर दर एक-दोन प्रतींमागे एखादे अक्षर बदलते. आपल्या पेशीत डीएनएची नक्कल होताना, तपासणी आणि दुरुस्ती धरून, अब्जावधी अक्षरांमागे एखादीच चूक शिल्लक राहते. पोथ्यांच्या हस्तलिखित नकलांत पाठभेद शिरत, तसे विषाणूच्या प्रतींत हे बदल शिरत राहतात, आणि त्यांतलाच एखादा बदल कधी नवा प्रकार घेऊन येतो. करोनात मुद्रितशोधक असूनही एका वंशरेषेत साधारणपणे महिन्याला दोन बदल टिकून राहत गेले, आणि त्यावरूनच साथीचा माग काढता आला.

लेखनिकाला मजकुराचा अर्थ कळत नाही, तो समोर येईल ते उतरवतो, हे फार पूर्वीच एका प्रयोगाने दाखवले होते. १९६७ मध्ये अमेरिकेत सॉल स्पीगेलमन आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूचे हे विकर परीक्षानळीत ठेवले, त्यात त्याच विषाणूचा आरएनए आणि सुटी अक्षरे घातली, थोड्या वेळाने त्यातला थेंब दुसऱ्या ताज्या नळीत, मग तिसऱ्या, असे ७४ वेळा केले. नळीत पेशी नव्हती, कवच नव्हते, संसर्ग करण्याची गरजच नव्हती. जो धागा लवकर उतरवून होई त्याचीच संख्या वाढे. शेवटी उरलेल्या धाग्याने आपला सुमारे ८३ टक्के मजकूर गाळून टाकला होता. त्याला आता विषाणू घडवता येत नव्हता, फक्त भराभर नक्कल होता येत होते.

चुका कमी झाल्या तर विषाणू अधिक बलवान होईल ना?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. पोलिओच्या विकरातले ६४ वे अमिनो आम्ल ग्लायसीनऐवजी सेरीन झाले तर लेखनिक अधिक अचूक होतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत असे आढळले की हा अचूक विषाणू दुबळा ठरतो आणि मज्जासंस्थेपर्यंत पोहोचण्यात कमी पडतो. शरीरात आतडे, रक्त, मेंदू अशी वेगवेगळी क्षेत्रे पार करायची असतात आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा विषाणू यशस्वी होतो. सगळ्या प्रती एकसारख्या असल्या तर अशी विविधता राहत नाही.

उलट चुका फार वाढल्या तरी विषाणू टिकत नाही, कारण मग बहुतेक प्रती निकामी निघतात. लेखनिक या दोन कड्यांच्या मधल्या अरुंद वाटेवर चालतो.

या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोगही झाला आहे. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओच्या लसीतला दुर्बल विषाणू क्वचित पुन्हा बदलत बदलत घातक होतो, ही जुनी चिंता होती. दुसऱ्या प्रकारच्या पोलिओसाठी नव्याने घडवलेल्या लसीत इतर बदलांबरोबर लेखनिकातही असे बदल केले आहेत, की त्याच्या चुका आणि दोन विषाणूंमधली मजकुराची अदलाबदल दोन्ही कमी व्हाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये तिला आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता दिली.

खोटी अक्षरे

लेखनिकाला अडवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे त्याच्यापुढे खऱ्यासारखी दिसणारी खोटी अक्षरे ठेवणे. ही औषधे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी घात करतात.

पहिली पद्धत हेपटायटिस-सी वरील सोफोस्बुविर या औषधाची. हे यू सारखे दिसते. लेखनिक ते धाग्यात जोडतो, पण त्याच्या बाजूला एक असा गट चिकटवलेला असतो की पुढचे अक्षर शेजारी बसूच शकत नाही. नक्कल तिथल्या तिथे संपते. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाने, इतर औषधांच्या जोडीने, एका चिवट आजारातून बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत पूर्ण बरे होऊ लागले.

दुसरी पद्धत रेमडेसिवीरची. हे ए सारखे दिसते, आणि करोनाचा लेखनिक ते अगदी आवडीने उचलतो. ते जोडल्यावर काहीच बिघडत नाही. पुढची तीन अक्षरे नेहमीप्रमाणे जोडली जातात. मग धागा मुठीतून पुढे सरकताना त्या खोट्या अक्षराला असलेला कार्बन आणि नायट्रोजनचा छोटा गट विकराच्या ८६१ व्या जागेवरील सेरीनवर अडकतो. बॅगेची चेन ओढताना वाकडा दात सुरुवातीला निघून जावा आणि थोडे पुढे गेल्यावर चेन अडकावी, तसे होते. या उशिराचा एक फायदा आहे: तोवर खोटे अक्षर तीन अक्षरांच्या मागे गेलेले असते, त्यामुळे टोकाचे अक्षर कातरणाऱ्या मुद्रितशोधकाला ते सहज सापडत नाही.

तिसरी पद्धत मोल्नुपिराविरची. हे नक्कल अडवत नाही, ती बिघडवते. घाईत लिहिलेला 'ख' कोणी 'ख' वाचतो तर कोणी 'रव', तसे हे अक्षर कधी सी म्हणून वाचले जाते, कधी यू म्हणून. दोन्ही रूपांत जोडी इतकी बेमालूम जुळते की तळवा अडखळत नाही, आणि वर पाहिलेली अचूकतेची सारी व्यवस्था फसते. काही फेऱ्यांत पोथीत इतके पाठभेद शिरतात की ती वाचण्याजोगी राहत नाही. २०२० मध्ये भारतात गोळ्यांच्या रूपात दिले गेलेले फॅविपिराविर, जे मूळचे जपानमध्ये फ्लूसाठी विकसित झाले होते, बऱ्याच अंशी याच वर्गातले आहे.

मग रेमडेसिवीरने रुग्णालयातले जीव का वाचले नाहीत?

हा प्रश्न अजूनही अनेकांच्या मनात सलतो, आणि त्याला सरळ उत्तर देणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष आले, तेव्हा रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या मृत्यूंवर या औषधाचा परिणाम अगदी थोडा किंवा नगण्य असल्याचे दिसले. अंतिम विश्लेषणात, कृत्रिम श्वसनाची गरज न पडलेल्या रुग्णांत अल्प लाभ आढळला. दुसरीकडे, २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत, रुग्णालयाबाहेरच्या पण जोखमीच्या रुग्णांना तीन दिवस हेच औषध दिले, तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ५.३ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आले.

औषध तेच, लेखनिक तोच. फरक दिवसांचा होता. नक्कल थांबवणाऱ्या औषधाचा उपयोग नक्कल जोरात चालू असेपर्यंतच. करोनात ती पहिल्या आठवड्यात शिगेला असते. श्वास लागू लागतो आणि प्राणवायूची पातळी घसरते, तोवर बहुतेक रुग्णांत लेखनिकाचे काम उतरणीला लागलेले असते आणि फुप्फुसांचे नुकसान शरीराच्या स्वतःच्या भडकलेल्या प्रतिक्रियेतून होत असते. त्या टप्प्यावर डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवले, हे जून २०२० मध्येच दिसले होते. एप्रिल २०२१ मध्ये ज्यांच्यासाठी कुप्या शोधल्या जात होत्या, ते बहुतेक रुग्ण या दुसऱ्या टप्प्यात होते. त्या नातेवाइकांनी काही कमी केले असे मुळीच नाही. त्यांना कुपी मिळाली नाही म्हणून माणूस गेला, हे ओझे कोणी वाहत असेल, तर हे गणित त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे.

खोटी अक्षरे आपल्या पेशी उचलत नाहीत का?

उचलू शकतात, आणि म्हणून अशी औषधे बनवणे अवघड आहे. आपल्या केंद्रकातले लेखनिक पुरेसे चोखंदळ असतात, परंतु पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात आरएनए उतरवणारे एक वेगळे विकर असते आणि काही खोटी अक्षरे ते स्वीकारते. २०१२ मध्ये हेपटायटिस-सी वरील अशाच वर्गातल्या एका प्रायोगिक औषधाची चाचणी हृदयावरच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली होती. मोल्नुपिराविरबाबत तर चिंता अशी, की पेशीत त्याचे डीएनएच्या अक्षरात रूपांतर होऊन आपल्याच मूळ पोथीत चुका शिरू शकतील का. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये त्याला आणीबाणीची मान्यता मिळाली, तरी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुरक्षिततेच्या कारणास्तव ते राष्ट्रीय उपचारपद्धतीत घेतले नाही. गर्भवतींना ते देऊ नये, यामागचे कारणही हेच.

सर्व विषाणूंवर चालेल अशी एकच गोळी का नाही?

तळव्यावरचे मॅग्नेशियम धरणारे मणी सर्वत्र सारखे असतील, तर सर्वांना अडवणारे एकच खोटे अक्षर बनवता यावे, असे वाटणे साहजिक आहे. रेमडेसिवीरचा इतिहास त्या आशेतूनच घडला; करोनाच्या आधी ते काँगोत इबोलाच्या रुग्णांवरही वापरून पाहिले गेले होते, पण २०१९ मध्ये तिथे प्रतिपिंडांची औषधे अधिक गुणकारी ठरल्यामुळे ते मागे पडले.

अडचण मुठीपर्यंत पोहोचण्यातच आहे. खोट्या अक्षरालाही तीन फॉस्फेटांची शेपटी लागते. शेपटीसह ते पेशीत शिरू शकत नाही, म्हणून ते शेपटीविना, पहिला फॉस्फेट झाकून पाठवावे लागते आणि उरलेले काम पेशीतल्या विकरांनी करावे अशी अपेक्षा असते. सोफोस्बुविर आणि रेमडेसिवीर या दोघांतही हीच युक्ती आहे. यकृत हे झाकण फार तत्परतेने काढते. हेपटायटिस-सी चा विषाणू यकृतातच राहतो, तेव्हा सोफोस्बुविरच्या गोळीला ही गोष्ट अतिशय अनुकूल ठरली. करोनाचे ठाणे मात्र श्वसनमार्गात आणि फुप्फुसांत; रेमडेसिवीर गोळीने दिले तर यकृतच ते अडवून घेते, म्हणून ते शिरेतून द्यावे लागले, आणि जे औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत घरच्या घरी घ्यायला हवे होते ते रुग्णालयाच्या खाटेशी बांधले गेले.

डेंग्यूची गोष्ट याहून कठीण आहे. त्याच्या लेखनिकाची रचना माहीत आहे, त्याची मूठ चांगली अभ्यासलेली आहे, तरीही त्यावर चालणारे औषध आज दवाखान्यात मिळत नाही. हेपटायटिस-सी साठी बनवलेले बालापिराविर हे खोटे अक्षर व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या रुग्णांना देऊन पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तातला विषाणू त्याने कमी झाला नाही. डेंग्यूत विषाणूची नक्कल तापाच्या पहिल्या काही दिवसांतच शिगेला पोहोचते आणि ताप उतरू लागतो त्याच सुमारास रक्तवाहिन्या झिरपू लागून धोका वाढतो. म्हणजे लेखनिकाला अडवायचे तर ते, आपल्याकडे 'व्हायरल असेल, दोन दिवस बघू' असे म्हणत पॅरासिटामॉलवर काढलेल्या त्या पहिल्या दोन दिवसांतच अडवावे लागेल; आणि त्यासाठी जितकी गरज चांगल्या गोळीची आहे, तितकीच पहिल्याच दिवशी डेंग्यू ओळखणाऱ्या, तालुक्याच्या दवाखान्यातही हाताशी असलेल्या चाचणीची आहे.